पाणबुड्याच्या मनगटावरील गणित आणि आंबोलीचा घाट

नेसरी हे गाव समुद्रापासून दूर, घाटमाथ्याच्या पलीकडे वसलेले. तेव्हा पाणबुड्यांच्या उपकरणाची चिकित्सा तेथून आरंभावी याचे वाचकांस नवल वाटेल. परंतु गडहिंग्लज तालुक्यातला एखादा विद्यार्थी आज मालवण-तारकर्लीस स्कूबा डायव्हिंगसाठी जातो आणि त्याच सायंकाळी आंबोलीच्या घाटाने घरी परततो. डाइव्ह कॉम्प्युटर या मनगटी यंत्राच्या गणितात काय आहे आणि त्याच्या भाषेतून काय निसटते, हे या परतीच्या वाटेवरच स्पष्ट होते.

पाण्यात दर दहा मीटरला सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो आणि श्वासातील नत्रवायू त्या मानाने ऊतींत विरघळतो. वर येताना दाब त्वरेने उतरला तर तोच वायू बुडबुड्यांच्या रूपाने सुटतो. सांध्यांत कळा येतात, प्रसंगी पक्षाघातही ओढवतो. शरीराला या भारातून क्रमाने सोडवणे यास येथे दाबमुक्ती म्हटले आहे. तिचे गणित जे. एस. हॉल्डेन यांनी सहकाऱ्यांसह १९०८ साली मांडले. शेळ्यांवरील प्रयोगांच्या आधारे त्यांनी ५ ते ७५ मिनिटे अर्धकाल असलेल्या पाच ऊती कल्पिल्या. ‘कल्पिल्या’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पुढे झूरिखच्या ब्यूलमान यांनी ही संख्या १६ वर आणि सर्वांत मंद ऊतीचा अर्धकाल ६३५ मिनिटांवर नेला. आजची अनेक यंत्रे हेच गणित, किंवा त्याचे रूपांतर, चालवतात.

यंत्राचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. छापील कोष्टक संपूर्ण बुडी जणू सर्वाधिक खोलीवरच घडली असे धरते. यंत्र प्रत्यक्ष खोली क्षणोक्षणी मोजते. मात्र पडद्यावरील ‘शिल्लक मिनिटे’ ही कल्पित ऊतींची असतात, पाणबुड्याच्या देहाची नव्हेत. थकवा, वय, शरीरातील पाण्याची तूट यांचा त्या आकड्यास बहुधा पत्ताच नसतो.

याहून गंभीर आक्षेप पडद्यावरील एका चिन्हावर आहे. बुडी संपल्यावर अनेक यंत्रांवर विमानाचे चित्र उमटते: इतके तास उड्डाण वर्ज्य. प्रचलित शिफारस अशी की, थांबे न लागणाऱ्या एका बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास उड्डाण करू नये; आणि ती २००० ते ८००० फुटांवरील हवेच्या दाबास अनुलक्षून आहे. आंबोली सुमारे ६९० मीटर, म्हणजे सव्वादोन हजार फुटांवर. तेथे हवेचा दाब समुद्रकाठाहून सुमारे आठ टक्के कमी. एस. टी. बस म्हणजे विमान नव्हे, हे खरे. पण नत्रवायूला वाहनाची जात कळत नाही. गंमत अशी की, ब्यूलमान यांनी पर्वतांतील सरोवरांत बुडी मारणाऱ्यांचाही विचार केला होता. गणिताला डोंगर ठाऊक होता. चित्र काढणाऱ्याला मात्र विमानतळच आठवला.

येथे अतिशयोक्ती टाळली पाहिजे. सिंधुदुर्ग किल्ल्यालगतच्या उथळ पाण्यातील एखाद्या छोट्या बुडीने मंद ऊतींत फारसा वायू साठत नाही. तेवढ्यासाठी घाटाचा बाऊ करणे शास्त्राला धरून होणार नाही. परंतु दोन-तीन दिवस सलग, खोल बुड्या घेणाऱ्याचे प्रकरण निराळे. विजयदुर्गापासून शंभराहून अधिक किलोमीटर आत असलेल्या आंग्रिया बँकेचा माथाच सुमारे २० मीटर खोल आहे. तेथून परतणाऱ्याने घाट केव्हा चढावा हा प्रश्न पुस्तकी नव्हे. अमेरिकी नौदलाच्या पुस्तिकेत अशा चढाईपूर्वीचा विलंब उंची आणि वायूचा भार या दोहोंवरून ठरवणारे कोष्टक आहे. विचाराची दिशा तीच योग्य होय.

मराठीत हे शास्त्र शिकवताना ‘उड्डाणवर्ज्य काल’ असा शब्दशः अनुवाद रूढ होऊ लागला, तर मूळ चिन्हातील उणीव आपण आपल्या परिभाषेतही ओढून आणू. ‘चढवर्ज्य काल’ हा शब्द ओबडधोबड खरा, पण त्यात विमानही येते आणि घाटही. प्रशिक्षकानेही अखेरच्या बुडीपूर्वी रात्रीचा मुक्काम कोठे आहे एवढे विचारावे. मालवणात राहणाऱ्यास आणि रात्री नेसरी गाठणाऱ्यास आज पडदा एकच विमान दाखवतो.