घटनांचा क्रम आणि लेखनाचा क्रम

आपल्या धर्मग्रामांतून निघणाऱ्या महोत्सवी स्मरणिका मी आवडीने वाचतो. त्यांतील इतिहासाचा लेख बहुधा एकाच साच्यात ओतलेला असतो : पायाभरणी, पहिले प्रमुख धर्मगुरू, त्यांच्यामागून आलेले धर्मगुरू, शाळा, घंटाघर, नूतनीकरण. सनावळी बिनचूक असते. परंतु या गावाने श्रद्धा कशी जपली, हे लेख संपला तरी कळत नाही. हा दोष माहितीचा नव्हे, रचनेचा आहे. कालानुक्रम ही रचनेची सर्वांत सोपी रीत, म्हणून लेखणी विचार न करता तिकडे वळते.

शुभवर्तमानकारांनी मात्र क्रमाचा विचार केलेला दिसतो. संत मार्क यांनी लिहिले ते अचूक, पण क्रमवार नव्हे, असे दुसऱ्या शतकातील बिशप पापियस यांचे मत युसेबियस या इतिहासकाराने नोंदवले आहे. मला ही उणीव वाटत नाही. मार्कच्या पाचव्या अध्यायात याईराची मुलगी मरणाच्या दारी असते. प्रभू येशू तिच्याकडे निघतात. वाटेत रक्तस्रावाने पिडलेली एक स्त्री गर्दीतून त्यांच्या वस्त्राला शिवते. प्रभू थांबतात, तिची विचारपूस करतात. तेवढ्यात मुलगी गेल्याचा निरोप येतो. एका कथेच्या पोटात दुसरी कथा! स्त्रीचे दुखणे १२ वर्षांचे, मुलीचे वय १२ वर्षे. या कथा एकीमागून एक सांगितल्या असत्या, तर ते दोन चमत्कार झाले असते. गुंफल्यामुळे त्या अनोळखी बाईचा विश्वास सभास्थानाच्या अधिकाऱ्याच्या डोळ्यांदेखत प्रकट होतो आणि पुढच्याच क्षणी त्याच्याकडूनही तोच मागितला जातो. संत मत्तय यांनी ही कथा संक्षेपाने देताना मुलगी आरंभीच मृत दाखवली आहे. गुंफण राहते, पण थांबण्यातला तो जीवघेणा ताण उरत नाही.

मत्तय यांचे सामर्थ्य अन्यत्र, शिकवणीची पाच मोठ्या प्रवचनांत विषयवार मांडणी करण्यात आहे. संत योहान तर मंदिराच्या शुद्धीकरणाची घटना दुसऱ्याच अध्यायात आणतात. इतर तिघांकडे ती दुःखसहनाच्या उंबरठ्यावर येते. तेथे ती पुढच्या अटकेची नांदी ठरते; योहान यांच्या लेखनात मात्र साऱ्या कार्यावर आरंभापासूनच क्रुसाची सावली पडते.

आपल्या स्मरणिकांना एवढी झेप नको. पण एखादा लेख सनापासून नव्हे, तर प्रश्नापासून सुरू करता येईल. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) लॅटिनमधील मिस्साबलिदान मराठीतून होऊ लागले, तेव्हा घरोघरी काय घडले? जपमाळ ओढत मिस्सा ऐकणाऱ्या आजीला आपल्या बोलीजवळची प्रार्थना आपली वाटली, की परकी? ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशा तुलनेवर अख्खा लेख उभा राहील. हे दप्तरात सापडणार नाही; माणसांना विचारावे लागेल, आणि त्या वेळी विशीत असलेली माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या आठवणींना पाने लागतील. त्यासाठी धर्मगुरूंची यादी शेवटच्या पानावर बारीक टायपात छापली तरी माझी हरकत नाही. तीत माझेही नाव असले तरी.