७६ विरुद्ध ४० : डिलिरियमच्या चाचण्यांवरचा एक पेपर वाचताना

निदान-चाचण्यांवरचे पेपर वाचायला शिकायचं असेल तर मी हल्ली एकच पेपर सुचवते. शेन्किन आणि सहकाऱ्यांचा, २०१९ मधला, ‘बीएमसी मेडिसिन’मध्ये आलेला. पेपर चांगला आहे, म्हणूनच त्याच्याशी भांडायला मजा येते.

आधी विषय थोडक्यात. म्हातारं माणूस न्यूमोनिया, लघवीचं इन्फेक्शन किंवा खुब्याचं फ्रॅक्चर घेऊन ॲडमिट होतं आणि एक-दोन दिवसांत त्याचं भान हरपतं. लक्ष टिकत नाही, सकाळी ठीक तर संध्याकाळी भलतंच. आपल्याकडे ‘वातात बरळतायत’ म्हणतात तो यातला एकच प्रकार, आणि तो निदान दिसतो तरी. दुसऱ्या प्रकारात पेशंट गप्प पडून राहतो. ‘झोपलेत बिचारे शांत’ म्हणून सगळे पुढे जातात, आणि आत वाढणारं इन्फेक्शन किंवा नको असलेलं औषध तसंच राहतं. डिलिरियम बऱ्याचदा दुसऱ्या कुठल्यातरी बिघाडाची पहिली खूण असते, म्हणून तो वेळेत सापडायला हवा. ठरावीक प्रश्न विचारून स्क्रीनिंग करायचं ते यासाठी.

या कामाला जुनं साधन म्हणजे कॅम. शॅरन इनौये यांनी १९९० मध्ये मांडलं. त्यात चार लक्षणं बघतात: अचानक सुरुवात आणि चढउतार, लक्ष न टिकणं, विस्कळीत विचार, जागेपणात बदल. पहिली दोन आणि उरलेल्यांपैकी एक असेल तर डिलिरियम. नवं साधन ४एटी, एडिंबराच्या अलॅस्डेअर मॅकलुलिच आणि सहकाऱ्यांचं. यात गुण देतात. जागेपणा नॉर्मल नसेल तर ४. वय, जन्मतारीख, ठिकाण आणि चालू वर्ष विचारायचं: एक चूक १, दोन किंवा जास्त चुका २. डिसेंबरपासून महिने उलटे म्हणायला लावायचे: सात बरोबर आले तर ०, नाहीतर १ किंवा २. अलीकडे अचानक बदल झाला असेल तर ४. बेरीज ४ किंवा जास्त आली की डिलिरियमची शक्यता. दोन मिनिटांत होतं आणि खास ट्रेनिंग लागत नाही, असा दावा.

२०१९ च्या अभ्यासात एडिंबरा, ब्रॅडफर्ड आणि शेफील्डमधले ७० वर्षांवरचे पेशंट घेतले. निम्म्यांना ४एटी, निम्म्यांना कॅम, वाटणी रँडम. दुसऱ्या संशोधकाने चाचणीचा निकाल न बघता वेगळी, सविस्तर तपासणी करून डीएसएम-४ च्या निकषांवर निदान ठरवलं. विश्लेषणात ७८५ जण. ४एटीची सेन्सिटिव्हिटी ७६ टक्के, स्पेसिफिसिटी ९४. कॅमची सेन्सिटिव्हिटी ४० टक्के, स्पेसिफिसिटी १००.

झालं, ४एटी जिंकली? थांबा जरा.

७८५ हा आकडा भारदस्त वाटतो, पण सेन्सिटिव्हिटी फक्त आजारी लोकांवरून काढतात. डिलिरियम होता सुमारे १२ टक्के लोकांना, म्हणजे प्रत्येक गटात पन्नासेक. म्हणून ७६ भोवतीचा कॉन्फिडन्स इंटरव्हल ६१ ते ८७ इतका ऐसपैस आहे. ‘चारातले तीन सापडतात’ हे वाक्य त्या पन्नासेक माणसांवर उभं आहे. पेपर हातात आला की एकूण सॅम्पल साइझ बघून खूश होऊ नका, भाजकात कोण आहे ते शोधा.

आता कॅमचे ४०. हाच आकडा मला सगळ्यात जास्त छळतो. १९९० च्या मूळ पेपरात याच साधनाची सेन्सिटिव्हिटी ९४ ते १०० टक्के होती, ५६ पेशंटांवर. साधन तेच, तर बदललं काय? चाचणी करणारा माणूस. कॅममध्ये ‘विचार विस्कळीत आहेत का’ हे तुम्ही ठरवायचं असतं आणि त्याला सराव लागतो. ४एटीमध्ये तो निर्णय बराचसा गुणांनी करून टाकलाय. म्हणून या पेपरातून ‘कॅम वाईट’ असं निघत नाही. फार तर ‘या हातांत, या वॉर्डांत कॅम कमी पडली’ इतकंच. सेन्सिटिव्हिटी ही औषधाच्या बाटलीवर छापलेल्या मिलिग्रॅमसारखी नसते. मॅकलुलिच स्वतः या पेपरचे लेखक आहेत, हेही लक्षात असू द्या. ब्लाइंडिंग नीट केलंय, त्यामुळे मी संशय घेत नाही. पण आपल्या साधनाची उत्तम सवय असलेल्या लोकांमध्ये तुलना झाली की दुसऱ्या साधनाला बाहेरगावी मॅच खेळावी लागते.

मग वॉर्डात काय होतं? कागदावर मांडा. १००० पेशंट, १२० डिलिरियमचे. ४एटी ९१ पकडते, २९ सोडते, आणि ५३ जणांवर उगाच शिक्का मारते. म्हणजे पॉझिटिव्ह १४४, त्यातले ६३ टक्के खरे. आता हीच चाचणी जिथे ४ टक्केच डिलिरियम आहे अशा वॉर्डात लावा. खरे ३०, खोटे ५८. तीनातले दोन पॉझिटिव्ह खोटे! सेन्सिटिव्हिटी-स्पेसिफिसिटी तसूभर न बदलता. ब्रिटनच्या नाइस संस्थेने जानेवारी २०२३ मध्ये आयसीयू सोडून इतरत्र ४एटी वापरा असं सांगितलं. डिलिरियमची शंका आल्यावर वापरणं आणि प्रत्येक म्हाताऱ्यावर रोज चालवणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कारण पेशंटांची चाळणी आधीच वेगळी झालेली असते.

आपल्याकडे आणायचं म्हटलं तर माझी खरी तक्रार बेरजेशी आहे. समजा, ऐंशीच्या आजी आहेत, कधी शाळेत न गेलेल्या. वय? ‘पानशेत फुटलं त्या वर्षी लग्न झालं, आता तूच काढ.’ जन्मतारीख माहीत नाही. (शाळेत गेलेल्यांचीही निम्म्यांची १ जून असते, ते सोडा.) इथेच दोन चुका, २ गुण. मग महिने उलटे. आजींना चैत्र-वैशाख पाठ आहेत, तेही सुलटे. त्या म्हणतात, ‘मला नाही येत बाई.’ याला ‘नकार दिला’ म्हणून १ द्यायचा की ‘चाचणी घेता आली नाही’ म्हणून २? नियमाप्रमाणे २ हे आजारपणामुळे, गुंगीमुळे किंवा लक्ष नसल्यामुळे सुरूच करता आलं नाही तर. शाळा न शिकल्यामुळे येत नसेल तर काय, ते त्या चौकटीत बसत नाही. रात्रपाळीच्या सिस्टरने १ लिहिला तर बेरीज ३, २ लिहिला तर ४. भान शाबूत असलेली बाई एका टिकमार्कने डिलिरियमच्या यादीत जाते.

नुसतं मराठी भाषांतर करून हे सुटणार नाही. १९९५ मध्ये गांगुली आणि सहकाऱ्यांनी बल्लभगढच्या ग्रामीण, बहुतांशी निरक्षर वृद्धांसाठी स्मरणशक्तीची एक चाचणी हिंदीत आणली तेव्हा नुसते शब्द बदलले नाहीत, प्रश्नच बदलावे लागले. ते काम एकदा वाचाच.

उलट, शेवटच्या प्रश्नाला आपल्याकडे जोर आहे. ‘अचानक बदल झालाय का’ हे सांगायला माहितीचं माणूस लागतं, आणि आपल्या वॉर्डात खाटेशेजारी सून किंवा नातू बसलेला असतोच. ‘काल रात्रीपासून बाबा वेगळेच वागतायत’ या एका वाक्याचे ४ गुण होतात. या प्रश्नाचं वजन वाढवून पहिल्यांदा इथे तपासावं असं मला वाटतं. मात्र त्यातही एक पेच आहे: अचानक बदल हा डीएसएमच्या व्याख्येचाच भाग. चाचणी आणि तिला जोखणारं निदान, दोघांनी एकाच सुनेला विचारलं तर दोघांचं जुळणारच. कुणाला यावर प्रोटोकॉल लिहायचा असेल तर खाली लिहा. आधी एवढंच ठरवा, की सुनेशी दोघांपैकी बोलणार कोण.