पाणचक्की : पाण्याच्या वाटेनं वाचायची वास्तू

घर बांधताना पाण्याची सोय बहुधा शेवटी पाहिली जाते. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे जुन्या औरंगाबादेत, खाम नदीकाठची पाणचक्की मात्र पाण्याच्या वाटेवरच रचली गेली. ती पाहावीही त्याच वाटेनं.

वाट सुरू होते उत्तरेच्या डोंगरात. तिथल्या झऱ्याचं पाणी जमिनीखालच्या खापरी नळांतून काही मैल येतं. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी या शहराला नहरींची, म्हणजे जमिनीखालच्या पाणवाटांची, विद्या शिकवली होती. तिचाच हा पुढचा धडा. उगम उंचावर आणि नळ बंदिस्त, त्यामुळे पाणी आपल्याच दाबानं उंच भिंतीच्या माथ्यावर चढतं आणि तिथून हौदात कोसळतं. पाहणाऱ्याला ती शोभा वाटते. पण जातं फिरवणारा जोरही याच चढवलेल्या पाण्याचा.

चक्कीची घडण मितभाषी आहे. युरोपातल्या लोकरीच्या गिरण्यांत उभं पाणचाक असे आणि त्याची गती दातेरी चाकांतून यंत्रांपर्यंत न्यावी लागे. इथे चाक आडवं. त्याचा उभा आस थेट जात्याची वरची तळी फिरवतो. मधे दातेरी चाकांचा पसारा नाही. बाबा शाह मुसाफिर या नक्शबंदी सूफींच्या दर्ग्यावर येणाऱ्या यात्रेकरूंसाठी, फकिरांसाठी इथे पीठ दळलं जाई. मशीद, मदरसा, सराई आणि चक्की एकाच आवारात नांदत.

हौद हा या रचनेचा कळस. जमील बेग खानाने त्याला कारंज्यांची जोड दिली. हौदाचा तळ म्हणजेच खालच्या विस्तीर्ण दालनाचं छत! जाडजूड खांबांनी पेललेलं ते पाणी ऐन उन्हाळ्यात खालच्या माणसांना गारवा देतं. उरलेलं पाणी खाम नदीला मिळतं.

पाण्यानं चाक फिरवणं आजही थांबलेलं नाही. तारापूरच्या अणुवीज केंद्रातही 1969पासून पाण्याचीच वाफ चाक फिरवून वीज देते. पण तिथून जवळच्या बोईसरच्या कारखान्यात कापड विणणाऱ्याला वीज भेटते ती बटणापाशी. तिचं मूळ भिंतीआड राहतं. पाणचक्कीत मूळ, जोर आणि काम यांचा संबंध उघड दिसतो. सौंदर्यासाठी इथे वेगळं पाणी खर्च झालेलं नाही. ज्या दाबावर कारंजं उडे, त्याच दाबावर पीठ निघे.