गाणं फुकट, पण कोणाच्या जिवावर?

आजचा विषय सोपा करून सांगतो. अहिराणी गाण्यांचं, नकलांचं, व्हिडिओंचं जे जग गेल्या काही वर्षांत जळगाव-धुळ्याकडे मोबाइलवर उभं राहिलं, त्याच्या दाराशी तिकीट लावावं की लावू नये?

आधी त्या जगाचं श्रेय देऊन टाकू. २०११च्या जनगणनेत खानदेशी या भाषेखाली मोजलेले सुमारे १८ लाख ६० हजार. एवढ्यांसाठी मोठी कंपनी कशाला हात घालील? सचिन कुमावत यांच्या चॅनेलवरचं ‘हाई झुमका वाली पोर’ मात्र कोट्यवधी वेळा पाहिलं गेलं. म्हणजे ‘हाई’ म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही, तेही त्यावर नाचले. पुण्याच्या होस्टेलात गेल्यावर आपली बोली गिळून टाकणाऱ्या पोरांना या गाण्यांनी जो धीर दिला, तो आमच्या साहित्य संमेलनांना देता आला नाही. हे फुकट होतं म्हणूनच झालं. तिकीट असतं तर गाणं वरातीत पोचलंच नसतं.

आता टीका. फुकट म्हणजे पैसे कोणीच देत नाही, असं नाही. पैसे जाहिरातदार देतो. आणि जो पैसे देतो त्याच्या सोयीने गाणं बेतलं जातं. पहिल्या पंधरा सेकंदांत पकड बसली पाहिजे, नाहीतर अंगठा वर सरकला. मग काय होतं? एक गाणं चाललं की त्याच ठेक्यावर, त्याच दागिन्यावर, त्याच ‘पोर’वर पुढची डझनभर. ती ऐकताना मला कंटाळा येतो, आणि तो मी वयावर ढकलणार नाही. अहिराणीत शेतीचे, नात्यांचे, चिडवण्याचे किती शब्द आहेत! त्यातले मूठभरच या गाण्यांत फिरत राहतात.

याची दुसरी बाजू जास्त बोचरी आहे. आपल्याकडची वहीगायनाची मंडळं घ्या. डफ, झील धरणारे, रात्र रात्र चालणारं गाणं. कोणीतरी पुतण्या त्याचं चित्रण करून चढवतो. यूट्यूबवर जाहिरातीतला वाटा मिळवायला २०१८पासून हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास बघितलं जाणं, ही अट आहे. नंतर आखूड व्हिडिओंसाठी वेगळा आकडा आला, पण रात्रभराची वही आखूड कशी करणार? हा उंबरठा ते मंडळ ओलांडत नाही. आणि २०२१पासून भारतातही असं आहे, की उंबरठ्याबाहेरच्या चॅनेलवरसुद्धा यूट्यूब जाहिरात लावू शकतं. पैसे मात्र त्या चॅनेलला नाहीत. म्हणजे म्हातारा गातो, जाहिरात वाजते, आणि त्याच्या हातात काय? पुतण्याने दाखवलेला आकडा!

म्हणून काही जण म्हणतात, सरळ सभासदत्व लावा. महिन्याला इतके द्या, मग बघा. मला हेही पटत नाही. प्रतिलिपीवरच्या मराठी कथामालिका बघा. तिथे आधी सगळं मोफत होतं. पुढे पैसे देणाऱ्याला पुढचा भाग लवकर, बाकीच्यांनी थांबायचं, अशी सोय आली. लिहिणाऱ्यांना चार पैसे मिळू लागले, चांगलंच झालं. पण वीस भागांत संपणारी गोष्ट शंभराच्या वर जाऊ लागली. सासू दार उघडते एका भागात आणि आत येते पुढच्या भागात. कुलूप लावलं की लेखन ताणलं जातं, जाहिरात लावली की गाणं आखडतं. बिनखोडीचा पैसा नसतोच.

तमाशाने हा पेच आपल्या आधी सोडवायचा प्रयत्न केला होता. कनात लावून तिकीट, हा एक मार्ग. दुसरा सुपारीचा: गावाने वर्गणी काढायची, कारभाऱ्यांनी नारायणगावच्या राहुट्यांत जाऊन फड ठरवायचा, आणि जत्रेत ज्याने दमडी दिली नाही त्यानेही पुढे बसून बघायचं. तिसरा दौलतजादा. आज लाइव्ह चालू असताना नाव पुकारून घ्यायला जे पैसे पाठवतात, ती दौलतजादाच की! तिचा दोषही तोच. देणारा फर्माईश करतो आणि बाईला ती म्हणावी लागते.

मला सुपारी जवळची वाटते. बघण्याचे पैसे नकोत, करण्याचे द्या. दहा गावांनी मिळून एका वही मंडळाचं अख्खं गाणं नीट ध्वनिमुद्रित करून घ्यावं आणि मग ते सगळ्यांना मोकळं ठेवावं. यावर माझे एक मित्र म्हणतात, ‘भो, वर्गणी आली की पुढारी आला, आणि पुढारी आला की गाण्यात त्याचं नाव आलं.’ खरं आहे. जत्रेतही येत होतंच. पण पुढाऱ्याला निदान गावात तोंड दाखवावं लागतं.

बहिणाबाईंचं उदाहरण इथे नेहमी देतात. जात्यावर, शेतात गायलेल्या ओव्यांना कधी तिकीट नव्हतं, म्हणतात. बरोबर. पण सोपानदेवांनी त्या टिपल्या, अत्र्यांनी उचलून धरल्या, आणि १९५२ साली किंमत छापलेलं पुस्तक निघालं, म्हणून जळगावाबाहेर त्या कळल्या. ते पुस्तक निघालं तेव्हा बाई हयात नव्हत्या.

लग्नाची गोष्ट राहिली. अहिराणी गाण्याचं खरं घर हळद आणि वरात. प्रताधिकार कायद्यात लग्नसमारंभात गाणं वाजवायला सूट आहे; २०२३मध्ये केंद्र सरकारने पुन्हा तसं स्पष्टही केलं. योग्यच आहे, नवरदेवाच्या बापाकडे रॉयल्टी मागायला कोणी जाऊ नये. मात्र त्याच वरातीत डीजेवाल्याला हजारो रुपये मोजले जातात, ड्रोनवाल्यालाही. त्या यादीत गाणाऱ्यासाठी एक ओळ घालायला कायदा आडवा येत नाही. कानबाईच्या रात्री गाणाऱ्या बायकांच्या ओटीत आपण काहीतरी घालतोच ना? तिथे कोणी दर विचारत नाही, आणि रिकाम्या हाताने पाठवतही नाही.