फ्रॅक्टल चित्रे : सूत्र कोणाचे, चित्र कोणाचे?

संगणकावर तयार केलेले एखादे फ्रॅक्टल चित्र चारचौघांना दाखवले की दोन उद्गार हमखास ऐकू येतात. पहिला, "वा! काय सुंदर आहे!" आणि दुसरा, थोड्या वेळाने, किंचित खालच्या स्वरात, "पण हे तर यंत्राने काढले. यात तुमचे काय?" पहिल्या उद्गाराने हुरळून जाऊ नये आणि दुसऱ्याने रागावू नये, हे खरे, परंतु दुसरा प्रश्न टाळता येण्याजोगा नाही. गेले वर्षभर मी या कलेत नवशिकी म्हणून वावरत आहे. रात्री जेवणे आटोपली, झाकपाक झाली, की तास-दीड तास संगणकापुढे बसते. प्रश्न केवळ माझ्या हौसेचा असता तर दिवाळी अंकाची पाने मी अडवली नसती. सौंदर्य जर एखाद्या सूत्रातून आपोआप निघत असेल, तर 'सुंदर' आणि 'कलात्मक' या दोन शब्दांत काही अंतर उरते की नाही, असा तो प्रश्न आहे; आणि त्याचे उत्तर रसिकालाही द्यावे लागते, नुसते चित्रकाराला नव्हे.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. 'फ्रॅक्टल' हा शब्द बेन्वा मांदेलब्रो या गणितज्ञाने १९७५ साली रूढ केला. मोडलेले, भंगलेले अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याने तो घडवला. वस्तू मात्र आपल्या स्वयंपाकघरातलीच आहे. फुलकोबीच्या गड्ड्याचा एक तुरा मोडून हातात घ्यावा. तो लहानसा गड्डाच दिसतो. त्या तुऱ्याचाही बारीक तुरा मोडावा, पुन्हा तेच. भाजीच्या बाबतीत हा खेळ तीन-चार पायऱ्यांत संपतो, गणितात तो संपतच नाही. समुद्रकिनारा हे दुसरे उदाहरण. ब्रिटनचा किनारा किती लांब, या प्रश्नावर मांदेलब्रोने १९६७ साली एक निबंध लिहिला. उत्तर मोजपट्टीवर अवलंबून आहे, असे त्याने त्यात दाखवले. पट्टी जितकी लहान तितक्या अधिक खाचाखोचा तिच्या तावडीत सापडतात आणि किनारा लांबत जातो. याचा प्रत्यय आपल्याकडेही अलीकडे आला. भारताचा किनारा ७,५१६.६ किलोमीटर, असे आपण शाळेत पाठ केले होते. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या २०२३-२४ च्या वार्षिक अहवालात तोच ११,०९८.८१ किलोमीटर भरला. समुद्र काही एवढा हलला नव्हता. मोजणी अधिक बारकाईच्या नकाशांवरून झाली होती.

संगणकावरील चित्रांचे मूळ याहूनही साधे आहे. शून्यापासून निघावे. हातातील संख्येचा वर्ग करावा, त्यात एक ठरावीक संख्या मिळवावी, आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा तीच क्रिया करीत राहावे. ठरावीक संख्या १ असेल तर १, २, ५, २६, ६७७ असे आकडे भराभर फुगत जातात. ती उणे १ असेल तर उत्तर उणे १ आणि शून्य यांच्यामध्येच हेलपाटे घालीत राहते. पडद्यावरील प्रत्येक बिंदू ही अशी एकेक संख्या मानायची. जे बिंदू कितीही वेळ गेला तरी फुगत नाहीत ते काळे करायचे. जे निसटतात त्यांना, किती पायऱ्यांत निसटले ते मोजून, रंग द्यायचा. बस्स, कृती एवढीच. तिच्यातून जो आकार उमटतो त्याला मांदेलब्रो संच म्हणतात : हृदयाच्या आकाराचा एक काळा देह, त्याला चिकटलेला एक गोल, त्या गोलांना आणखी गोल, आणि कडेने सर्वत्र फुटलेले वेल, तुरे, भोवरे.

या गणिताचा पाया फ्रान्समध्ये गास्तों ज्युलिया आणि पिएर फातू यांनी १९१७-१८ च्या सुमारास घातला. पहिल्या महायुद्धात ज्युलियाचे नाक गेले होते. पुढे जन्मभर तो चेहऱ्यावर चामड्याची पट्टी बांधून वावरला. हे आकार त्याने केवळ विचाराने जाणले. त्यांचे सारे ऐश्वर्य डोळ्यांना दाखवील असे यंत्र त्या काळी नव्हते. फातू १९२९ साली गेला, ज्युलिया १९७८ साली. त्याच वर्षी ब्रुक्स आणि मातेल्स्की या दोघांनी या संचाचे एक ओबडधोबड चित्र काढले, आणि १९८० साली मांदेलब्रोने आय.बी.एम. कंपनीच्या संशोधनकेंद्रात ते तपशिलाने उमटवले. त्या खडबडीत छापांत मुख्य आकाराभोवती काही सुटे ठिपके दिसत. यंत्राची घाण समजून पुसून टाकावेत असे. मोठे करून पाहता त्या ठिपक्यांत मूळ आकाराच्याच लहान प्रती निघाल्या. पुढे १९८२ साली एड्रियन दुआदी आणि जॉन हबर्ड यांनी सिद्ध केले की ते सुटे नाहीतच; अतिशय बारीक तंतूंनी सारे एकमेकांना जोडलेले आहेत. फ्रॅक्टल चित्राकडे पाहण्याचा पहिला धडा मला या हकिकतीत दिसतो. येथे 'घाण' कशाला म्हणावे आणि 'आशय' कशाला, हे घाईने ठरवता येत नाही.

१९८५ च्या ऑगस्टमध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकाने हा आकार मुखपृष्ठावर छापला आणि हौशी लोक घरच्या लहान संगणकांवर तो काढू लागले. तेव्हा एका चित्रासाठी यंत्र रात्र रात्र चालू ठेवावे लागे. आज तसे नाही. मी वापरते तो प्रोग्राम फुकट मिळतो आणि त्याच्या नावाचा उच्चार 'केऑस', म्हणजे गोंधळ, असाच होतो. उंदराचे डावे बटण दाबून धरले की आपण चित्राच्या आत आत शिरतो, उजवे दाबले की बाहेर येतो. 'पी' ही कळ दाबली की रंगांचा सारा संच बदलतो. हृदय आणि गोल यांच्या मधल्या खाचेला 'समुद्रघोड्यांची दरी' म्हणतात. पलीकडे 'हत्तींची दरी' आहे. नावे कोणा गमत्याने ठेवली असतील, पण एकदा ऐकली की तेथे घोडे आणि सोंडा दिसू लागतात.

पहिल्याच आठवड्यात नवशिक्याजवळ शंभर चित्रे जमतात, आणि शंभरही सुंदर असतात. खरी गोम येथे आहे. व्हायोलिनचा नवशिका शेजाऱ्यांना सळो की पळो करून सोडतो; फ्रॅक्टलचा नवशिका पहिल्याच दिवशी वाहवा मिळवतो. ज्या कलेत वाईट काढणेच अवघड, त्या कलेत शिकायचे तरी काय?

या प्रश्नापाशी मला बा. सी. मर्ढेकरांची आठवण होते. 'सौंदर्य आणि साहित्य' या ग्रंथात त्यांनी सौंदर्याच्या मुळाशी लय मानली आणि लयीची तीन रूपे सांगितली : संवाद, विरोध आणि समतोल. या ग्रंथाला १९५६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा फ्रॅक्टल हा शब्दही जन्मला नव्हता. तरी या चित्रांच्या परीक्षेला मर्ढेकरांच्या या तीन शब्दांइतके उपयोगी साधन मला दुसरे सापडले नाही. सूत्र संवाद फुकट देते. मागाल तितका देते, नको म्हटले तरी देते. भोवऱ्याशेजारी भोवरा, त्याच्या पोटात पुन्हा भोवरा. विरोध मात्र ते आपण होऊन पुढे आणीत नाही. आणि समतोल तर चौकटीशिवाय संभवत नाही, व चौकट सूत्राला ठाऊकच नाही. आज नजरेस पडणारी बहुसंख्य फ्रॅक्टल चित्रे फसतात ती याच जागी. काठापासून काठापर्यंत नक्षी, नक्षीत नक्षी, सातही रंग एकदम पेटलेले, वर आणखी झळाळी. रुखवतात काहीच मागे ठेवायचे नसते, तशी ही मांडणी. एकेक वस्तू सुरेख, पण नजर कुठे टेकवावी ते कळत नाही.

संवादात विरोध कसा आणावा, हे आपल्याकडील जुन्या स्थपतींना उत्तम ठाऊक होते. सिन्नरचे यादवकालीन गोंदेश्वर मंदिर पाहावे. त्याचे शिखर भूमिज पद्धतीचे आहे. शिखराच्या अंगावर त्याच्याच लहान प्रतिकृतींच्या ओळी चढत जातात. येथपर्यंत ते फ्रॅक्टलच म्हणावे. परंतु प्रत्येक बाजूच्या मध्यावरून निराळ्या नक्षीचा एक सरळ पट्टा वर चढत जातो आणि त्या पुनरावृत्तीला दुभंगतो. तो पट्टा नसता तर शिखर म्हणजे नुसती रास झाली असती.

संगणकावर असा पट्टा कोण घालणार? येथे नवशिक्याच्या हाती तीनच गोष्टी असतात : जागा, चौकट आणि रंग. त्यांपैकी जागा ही सर्वांची आहे. तिचे अंक दुसऱ्या कोणाला सांगितले तर त्याच्या पडद्यावर नेमकी तीच दरी उमटेल. छायाचित्रकाराला निदान त्या दिवसाचे ऊन आणि तो ढग तरी स्वतःचा असतो. येथे ऊनही नाही, ढगही नाही. शिवाय खोल जाण्याचा मोठेपणाही फार नाही. संगणकाचे नेहमीचे गणित पंधरा-सोळा अंकांच्या पलीकडे सूक्ष्म भेद ओळखत नाही. आणखी आत शिरले की वेली विरून चौकोनी ठोकळे दिसू लागतात. त्यापुढे नेणारे निराळे प्रोग्राम आहेत. पण किती खोल गेलात हा पराक्रमाचा हिशेब झाला, चित्राचा नव्हे.

रंगाची गोष्ट निराळी आहे. बिंदू सातव्या पायरीला निसटला की सातशेव्या, हे सूत्र सांगते. सात म्हणजे निळा आणि सातशे म्हणजे केशरी, हे मात्र जगातील कोणतेही सूत्र सांगत नाही. संख्या गणिताची, रंग माणसाचा. मी समुद्रघोड्यांच्या दरीतील एकाच जागेची सहा चित्रे निरनिराळ्या रंगांत करून शेजारीशेजारी मांडली. रेषा न् रेषा तीच. पण एकात आषाढातले आभाळ होते, एकात चुलीतले निखारे, आणि एकात नुसती रंगपेटी सांडलेली. रंग फार भराभर बदलणारे असले की सीमेजवळ, जेथे पायऱ्यांचे आकडे बिंदूबिंदूला उड्या मारतात, तेथे वेल दिसण्याऐवजी रवा पसरल्यासारखे कण दिसतात. रंग संथ ठेवले, एक-दोघांवर भागवले, तर तोच भाग खोल वाटू लागतो, आणि भोवतालचे रिकामे, लवकर निसटलेले बिंदू आकाशासारखे शांत राहतात. आमच्या सासूबाईंना गणिताचे वावडे आहे. सहाही चित्रे पाहून त्यांनी सातरंगी चित्राकडे बोट केले आणि विचारले, "हे छान आहे ग, पण यात मी डोळा कुठे ठेवू?" मग त्यांनी उचलले ते नीळ आणि पांढरा, एवढ्या दोनच रंगांचे चित्र. समीक्षेची पुष्कळ पाने या एका प्रश्नात मावतात.

अमेरिकेतील केरी मिचेल या फ्रॅक्टल चित्रकाराने १९९९ साली या कलेचा एक जाहीरनामाच लिहिला. संगणक सारे काम आपण होऊन करतो असे नव्हे, आणि संगणक असलेल्या कोणालाही ही कला चांगली साधेल असेही नव्हे. तिला श्रम आणि बुद्धी लागते, असे त्याचे प्रतिपादन आहे. ते मला मान्य आहे, पण पुरेसे वाटत नाही. श्रम हे कलेचे प्रमाणपत्र होऊ शकत नाही; श्रम करून केलेले रुखवतही असते. पाहायचे ते हे, की सूत्र जे देऊ शकत नाही ते माणसाने चित्रात आणले की नाही. लॉरेन कार्पेंटरचा 'व्हॉल लिब्र' हा दोन मिनिटांचा चित्रपट या कसोटीला उतरतो. बोइंग या विमानकंपनीत नोकरीला असताना त्याने तो केला आणि १९८० साली संगणकचित्रांच्या एका परिषदेत दाखवला. त्रिकोणांचे पुन्हा पुन्हा तुकडे करून त्याने डोंगर उभे केले. ते डोंगर फ्रॅक्टल आहेत हे आज कोणी सांगितले तरच कळते. आपल्या लक्षात राहते ते कड्यांना लगटून जाणारे उड्डाण, आणि उड्डाणाची वाट सूत्राने आखलेली नाही. दोनच वर्षांनी, १९८२ मध्ये, 'स्टार ट्रेक'च्या दुसऱ्या चित्रपटात असेच डोंगर एका निर्जीव ग्रहावर उगवताना लोकांनी पाहिले. तेथे फ्रॅक्टलने स्वतःचे वैभव मिरवले नाही. ते कथेच्या कामी आले.

तेव्हा यंत्राच्या नावाने बोटे मोडण्याचे कारण नाही. एकवीस ते अकरा ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या मुलीला कोणी म्हणत नाही, की ठिपक्यांनीच रांगोळी काढली. ठिपके आईने शिकवलेले, आईला आजीने; ते सर्वांचे आहेत. कोणता ठिपका कोणाला जोडायचा आणि कोणता मोकळा सोडायचा, येथून त्या मुलीची रांगोळी सुरू होते. सूत्र हे या नव्या रांगोळीचे ठिपके होत, फक्त ते मोजता न येण्याइतके आहेत. म्हणून येथे जोडण्यापेक्षा सोडण्याचे काम अधिक. ते काम यंत्र करीत नाही, आणि ते न करता जो चित्र पुढे ठेवतो, त्याला "यात तुमचे काय?" असे विचारले तर त्यात अन्याय काहीच नाही.

दिवाळीच्या सुटीत घरातील मुलांनी हा खेळ अवश्य खेळावा. साधन फुकट आहे, आणि शंभर चित्रे व्हायला दोन दुपारी पुरतात. वडीलधाऱ्यांनी त्या शंभरांचे कौतुक करण्याची घाई मात्र करू नये. त्यांतले एकच ठेवायला सांगावे, आणि उरलेली नव्व्याण्णव का नकोत ते विचारावे. पोर चौथ्या-पाचव्या चित्रापाशी अडेल, 'उगीच' म्हणेल, 'गिचमिड वाटते' म्हणेल. तेवढे शब्द पुरेसे आहेत. चित्रकला तेथे सुरू झाली, असे खुशाल समजावे.