कंपन्यांची रोख शिल्लक आणि मालकी : चिनी अभ्यासपद्धतीची भारतीय संदर्भात चिकित्सा

बीजशब्द : रोख शिल्लक, मालकी संरचना, प्रवर्तक, नियंत्रक भागधारक, समभाग पुनर्खरेदी

ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यातील वळ हे गाव आज गोदामांसाठी ओळखले जाते. गोदामात पडून राहिलेला माल ही कोणत्या तरी कंपनीची अडकलेली रोख असते. १ जुलै २०१७ पूर्वी परराज्यातील विक्रीवर केंद्रीय विक्रीकर लागे. स्वतःच्याच डेपोत माल हलविल्यास तो लागत नसे. म्हणून कंपन्या राज्याराज्यांत साठे ठेवीत. वस्तू व सेवा कर आल्यावर हे कारण संपले आणि कमी संख्येच्या, पण मोठ्या गोदामांकडे कल वाढला. अशा फेररचनेने साठ्यात अडकणारा पैसा बदलतो व त्यासोबत रोख शिल्लकही. मालकी मात्र आहे तशीच राहते. रोखीचा संबंध थेट मालकीशी जोडणाऱ्या अभ्यासांचे वाचन या साध्या बाबीपासून सुरू करणे इष्ट ठरेल.

केन्स यांनी १९३६ मध्ये रोख बाळगण्यामागे व्यवहार, खबरदारी आणि सट्टा असे तीन हेतू सांगितले. १९८६ मध्ये जेन्सन यांनी निराळाच मुद्दा मांडला : गुंतवणुकीची गरज भागल्यावर उरणारा पैसा व्यवस्थापनाच्या हाती राहिला, तर तो उधळला जाण्याचा धोका असतो. चिनी कंपन्यांवरील संशोधनाने या मुद्द्याला मालकीची जोड दिली. ते स्वाभाविकही होते. २००५ च्या सुधारणेपूर्वी तेथील नोंदणीकृत कंपन्यांचे सुमारे दोन-तृतीयांश समभाग बाजारात विकताच येत नसत. ज्याला समभाग विकून बाहेर पडता येत नाही, त्याला कंपनीच्या तिजोरीचा मोह अधिक पडणार, हे उघड आहे.

मात्र या अभ्यासांची नेहमीची मांडणी, म्हणजे एका बाजूला रोखीचे एकूण मालमत्तेशी गुणोत्तर आणि दुसऱ्या बाजूला शासकीय किंवा खासगी मालकीची टक्केवारी, भारतात जशीच्या तशी लागू करता येत नाही. पुण्याच्या बजाज ऑटोचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. या कंपनीचा अतिरिक्त पैसा प्रामुख्याने रोखे, म्युच्युअल फंड अशा गुंतवणुकीत असतो व त्यातील काही भाग दीर्घ मुदतीचाही असतो. केवळ ‘रोख व बँक शिल्लक’ ही ओळ पाहणाऱ्या संशोधकाला ही कंपनी बेताच्या रोखीची वाटेल! मालकीचेही तेच. २००८ मध्ये अमलात आलेल्या विभाजनात मूळ कंपनीचे नाव बजाज होल्डिंग्ज अँड इन्व्हेस्टमेंट झाले, वाहनव्यवसाय नव्या बजाज ऑटोकडे गेला आणि धारक कंपनीने तिच्यात तीस टक्क्यांहून अधिक हिस्सा ठेवला. म्हणजे रोखीचा मालक आणि कंपनीचा मालक यांच्यामध्ये आणखी एक कंपनी उभी आहे. ‘कुटुंबाची मालकी’ या एका रकान्यात ही रचना मावत नाही. पुढे २०२१ च्या लाभांश धोरणात शिलकी निधी पंधरा हजार कोटी रुपयांहून अधिक असल्यास नफ्याच्या ९० टक्क्यांपर्यंत लाभांश देण्याची तरतूद झाली आणि २०२४ मध्ये ४,००० कोटी रुपयांची समभाग पुनर्खरेदी झाली. एकवटलेली मालकी रोख दाबून ठेवतेच, या गृहीतकाला येथे तडा जातो.

शासकीय मालकीबाबत तर भारतात रोखीचा निर्णय पुष्कळदा कंपनीबाहेरच होतो. केंद्र सरकारच्या मे २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सार्वजनिक उपक्रमांनी करोत्तर नफ्याच्या ३० टक्के किंवा निव्वळ मूल्याच्या ५ टक्के, यांपैकी अधिक असेल तो किमान लाभांश द्यावयाचा होता. २०२४ मध्ये दुसरे प्रमाण ४ टक्के झाले. अशा उपक्रमाच्या कमी रोखीला सुशासन म्हणावे की तिजोरीची निकड, हे गुणोत्तर सांगू शकत नाही.

याहून गंभीर आक्षेप आकड्याच्या खरेपणाबद्दल आहे. सत्यमच्या अध्यक्षांनी ७ जानेवारी २००९ च्या पत्रात ५,३६१ कोटी रुपयांच्या दाखविलेल्या शिलकेपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नसल्याचे कबूल केले. प्रवर्तकांचा हिस्सा अल्प असल्याने कंपनी दुसऱ्याच्या ताब्यात जाण्याची धास्ती होती, असेही त्याच पत्रात आहे. येथे मालकीने रोख वाढविली नाही, रोखीचा आभास वाढविला. चीनमधील कांगदे शिन या खासगी कंपनीने २०१९ च्या जानेवारीत एक अब्ज युआनचे रोखे फेडण्यास असमर्थता दर्शविली, तेव्हा तिच्या पुस्तकांत सुमारे पंधरा अब्ज युआनची शिल्लक होती. तिचे बँक खाते नियंत्रक भागधारक समूहाच्या खात्याशी रोख-एकत्रीकरणाच्या कराराने जोडलेले होते. शिल्लक किती, यापेक्षा त्या खात्यात कोणाचा हात पोहोचतो, हा प्रश्न अगोदर विचारला गेला पाहिजे. नियंत्रक समूहाशी झालेले करार, संबंधित पक्षांशी व्यवहार आणि धारक कंपन्यांची साखळी यांच्या नोंदी वार्षिक अहवालांत व त्यांच्या टिपांत शोधाव्या लागतात. हे काम कष्टाचे आहे; संगणकीय आज्ञावलीवर सोपविता येणारे नाही.

आणखी एक मर्यादा. हे सारे संशोधन नोंदणीकृत कंपन्यांपुरते आहे. वळपासून जवळच, भिवंडीत, एकट्याच्या मालकीचा किंवा भागीदारीतला यंत्रमाग कारखाना चालविणाऱ्याच्या घरखर्चाचा आणि कारखान्याचा पैसा पुष्कळदा एकाच गल्ल्यात असतो. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर मजुरी देण्याइतकी रोख न उरल्याने तेथील अनेक माग थांबले. त्या गल्ल्यातील शिल्लक कोणत्याही नमुन्यात नोंदली गेलेली नाही.