रंग, वय आणि रस

मद्याच्या आस्वादाविषयी देवळाशी बांधलेल्या वाचकांपुढे लिहावे काय, अशी शंका कोणी घेईल. परंतु परीक्षण म्हणजे शिफारस नव्हे. समाजात जी वस्तू नांदते तिचे गुणदोष पारखणे हे आम्ही आमचे काम समजतो.

मुरलेल्या काळ्या रमची गोडी आपल्या देशात रुजविली ती १९५४ साली निघालेल्या ‘ओल्ड मंक’ने. उसाच्या मळीपासून काढलेला हा अर्क सात वर्षे मुरविलेला असल्याचे तिच्या बाटलीवर लिहिलेले असते. ओकच्या पिंपात मद्याचा उग्रपणा निवतो आणि लाकडातून व्हॅनिलाचा गंध उतरतो. पेला उजेडाकडे धरावा, प्रथम नुसता वास घ्यावा, थोडे पाणी घालून तो पुन्हा घ्यावा आणि मग लहानसा घोट जिभेवर फिरवावा, ही परीक्षेची रीत. गूळ, खजूर व लाकूड यांची क्रमाने ओळख पटली तर रम उत्तीर्ण झाली म्हणावे. मात्र काळा रंग म्हणजे वय नव्हे. करपविलेल्या साखरेने तो रंग तत्काळ आणता येतो. डोळ्यांची साक्ष नाकाने तपासलीच पाहिजे.

या कसोटीचे दुसरे टोक आदिलाबाद जिल्ह्यात आहे. उटनूर, इंद्रवेल्लीकडील गोंड वस्त्यांतील मोहाच्या दारूला ना रंग, ना वय. तेलुगू ज्याला ‘इप्पा’ म्हणतात त्या झाडाची फुले फाल्गुन-चैत्रात पहाटे गळतात. ती वेचून, वाळवून, आंबवून त्यांचा अर्क काढतात. पाण्यासारख्या नितळ त्या थेंबात फुलाचा दाट गंध जसाच्या तसा राहतो. रमला पिंपाने जे दिले, ते येथे रानाने दिले आहे.

दोष आहे तो गाळण्यात. ‘पहिल्या धारेची’ म्हणून जिची वाखाणणी होते, ती तिखट असते, रसाळ नव्हे. जाणता गाळणारा आरंभीचा भाग बाजूस काढतो. हुर्राक पुन्हा गाळून फेणी करण्यातले मर्म आमच्या कोंकणी वाचकांस सांगणे नको. गोव्याच्या काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मोहाच्या हातभट्टीच्या कपाळी मात्र बहुधा धाडच येते.

गोंडांच्या विधींत हे मद्य देवांना व पितरांना अर्पण होते. तेवढ्यावरून त्यांच्या भक्तीस मद्याची भक्ती म्हणणे अन्यायाचे होय. केसलापूरच्या नागोबाला मेस्राम कुळाचे लोक पुष्य अमावास्येस अभिषेक करतात, तो पायी वाहून आणलेल्या गोदावरीच्या पाण्याने. देवापुढे सांडलेल्या थेंबाला मर्यादा असते. रोजच्या पेल्याला ती राहत नाही आणि तेथे संसार बुडतात, हेही आम्ही लपवीत नाही.

आमचे मत असे: संस्कारात रम सरस, स्वत्वात मोह सरस. मोहाला उणीव आहे ती वयाची नसून सावध हाताची.